करगोट्याची किल्ली



पासवर्ड हा शब्द या मासिकाच्या पानावर पाहून एखादी माउली चष्मा पुसून पुन्हा पाहील. पन्नास वर्षे नारदांच्या गादीवर उभा राहून नामाचा महिमा सांगितला, संतचरित्रे सांगितली. आता आवाज बसला, गुडघे बसले, आणि उतारवयात लिहायला विषय सापडला तो हा! मीही बरेच दिवस टाळले. पण वर्ष-सव्वा वर्ष माझ्या मनाला जो प्रश्न चिकटून बसला आहे, तो याच शब्दाच्या आडून घरात शिरला. म्हणून लिहितो.

प्रश्न असा. आपल्या संप्रदायाचे सगळे भांडवल म्हणजे भोळा भाव. आत एक आणि बाहेर एक असे वारकऱ्याला चालत नाही. एकमेकांच्या पाया पडणारी माणसे आपण. वय, जात, पैसा पाहत नाही. मग ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्याने पोटच्या मुलापासून, शेजारी टाळ धरणाऱ्यापासून चार अक्षरे लपवून ठेवावीत, हे त्याला शोभते का? फोनमधला व्यवहार भोळेपणा सोडल्याशिवाय होत नसेल, तर माळकऱ्याने करायचे काय?

हा प्रश्न मला वाचून सुचला नाही. तो मला कसा पडला, ते आधी सांगतो. सांगताना लाज वाटते, पण ते झाकून पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

आमच्या गावची दिंडी लहान. बासष्ट माणसे, एक ट्रक, राहुट्या, शेगड्या, पाण्याची टाकी. माउलींच्या सोहळ्यात चालते. दिंडीची कुठे नोंदणी नाही, वडिलांच्या वेळेपासून सगळा कारभार विश्वासावर. भिशीचे पैसे पूर्वी पत्र्याच्या पेटीत जमा व्हायचे. पेटी ट्रकमध्ये, तांदळाच्या पोत्यांमागे. किल्ली आधी वडिलांच्या करगोट्याला, त्यांच्यामागे माझ्या. तीस वर्षे ती किल्ली माझ्या कमरेला होती. आंघोळीला चंद्रभागेत उतरलो तरी होती.

पुढे फोन आला. पोरे म्हणाली, "बुवा, रोख कशाला सांभाळता, खात्यावर घ्या." दिंडीचे वेगळे खाते निघेना, म्हणून माझ्याच बचत खात्यावर पैसे घ्यायचे ठरले. तालुक्याच्या मोबाइल दुकानात बसून दुकानदाराने फोनमध्ये बँक घालून दिली, ईमेल उघडून दिला, आणि पासवर्डही त्यानेच ठेवला. देवाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. मला आवडला. नाम घेतल्यासारखे वाटले. तोच मी सगळीकडे चालवला.

अक्षरे बारीक, मला दिसत नाहीत. म्हणून फोन पाहायचे काम आमच्या दिंडीतल्या मृदंग वाजवणाऱ्या पोराकडे. नऊ वर्षांचा असल्यापासून आमच्यात चालतो, हात फार गोड. त्याला सगळे सांगून ठेवले होते. शिवाय विसरायला नको म्हणून तो पासवर्ड कीर्तनाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला होता, आणि ती वही तर दिंडीत कुणाच्याही हातात जायची. एकदा एक शिक्षक टाळकरी म्हणाले, "बुवा, असं उघड्यावर लिहू नये." मी हसून म्हणालो, "पांडुरंगाच्या दारात कुलूप कसलं?" सगळे हसले, कुणीतरी "पुंडलिक वरदा" म्हटले. मला बरे वाटले. (शेजारती झाली की पांडुरंगाच्याही देवळाचे दार लागते, हे मला तेव्हा आठवले नाही.)

गेल्या वर्षी प्रस्थानाला बारा दिवस असताना दुपारी फोन आला. बोलणारा मराठी, आवाज आदबीचा, मला माउली म्हणाला. बँकेतून बोलतो, केवायसी अपुरी आहे, आज संध्याकाळपर्यंत पुरी झाली नाही तर खाते बंद होईल. दुसऱ्या दिवशी ट्रकवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची होती. माझ्या पोटात गोळा आला. त्याने संदेशातून एक लिंक पाठवली. उघडली तर बँकेचेच पान दिसले. वरती बँकेचे चिन्ह, खाली नाव आणि पासवर्डाच्या चौकटी. एकेक अक्षर शोधून मी ते भरले. मग सहा आकडी ओटीपी आला. तो म्हणाला, "वाचून दाखवा, माउली." मी वाचला. मग दुसरा आला, तोही वाचला. त्याने धन्यवाद दिले. मीही त्याला रामकृष्ण हरी म्हटले.

माणशी १,५०० रुपयांप्रमाणे ९३,००० जमा होते. दोन खेपांत ७१,००० गेले.

सज्जनहो, इथपर्यंतची गोष्ट आपल्यापैकी कित्येकांची असेल. माझी खरी गोष्ट पुढची आहे. दुसऱ्या दिवशी बँकेत कारकुनाने हिशेब दाखवला तेव्हा काय झाले ते माझ्या तत्क्षणी लक्षात आले. पण संध्याकाळी मारुतीच्या देवळात सगळे जमले, तेव्हा माझ्या तोंडून निघाले ते असे: "पैसे गेले. कसे गेले कळत नाही." फोनचे सांगितले नाही. ज्याने आयुष्यभर लोकांना शहाणपण सांगितले, तो दुपारच्या एका फोनला फसला, हे जीभ उचलून बोलवेना. तेवढ्यात कुणीतरी विचारले, "पासवर्ड कुणाकुणाला माहीत होता?" कुणी कुणाचे नाव घेतले नाही. फक्त सगळ्या माना त्या पोराकडे वळल्या.

आणि मी गप्प राहिलो.

पोराने खिशातून फोन काढून सगळ्यांपुढे ठेवला. "बघा," म्हणाला. नंतर उठला, खुंटीवरच्या वीणेला हात लावला आणि काही न बोलता घरी गेला. दोन रात्री मी झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हरिपाठ झाल्यावर त्याच देवळात सगळे खरे सांगितले. पण तोवर पोराच्या आईला पाणवठ्यावर दोन वाक्ये ऐकावी लागली होती, ती परत घेता आली नाहीत. तक्रारही तिसऱ्या दिवशी गेली. बरीचशी रक्कम तोवर पुढच्या खात्यांत आणि तिथून बाहेर पडली होती. एका खात्यात ९,००० अडकवता आले, ते पुष्कळ महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे गावाने पुन्हा वर्गणी काढून भरले. दिंडी गेली. पोरगा आला नाही. तो आता दुसऱ्या दिंडीत वाजवतो.

लोक माझे समाधान करतात, "बुवा भोळे, म्हणून फसले." पहिल्यांदा हे ऐकून मलाही आधार वाटला. पण एकांतात तपासले तेव्हा त्यात भोळा भाव कितपत सापडला? पासवर्ड सोपा ठेवला तो आळसाने. वहीत लिहून उघडा टाकला तो आळसाने, आणि वर त्यावर विनोद केला तो टाळी मिळावी म्हणून. फोनवर बोलणाऱ्याचे ऐकले ते भीतीने, आणि थोडे तो माउली म्हणाला म्हणूनही. देवळात गप्प बसलो तो मानासाठी. भाव देवापाशी असतो. यातल्या कुठल्याच जागी देव नव्हता. मी, माझी सोय आणि माझा मान एवढेच होते. आळसाला आपण किती सहज भक्तीचे नाव देतो!

मग तुकोबारायांचे चरित्र मनाशी पुन्हा उघडले. दुष्काळात व्यापार बुडाला, घरात माणसे गेली, आणि डोंगरावरून परत आल्यावर महाराजांनी लोकांकडे येणे असलेल्या कर्जाची खते इंद्रायणीत सोडली. ही कथा मी कीर्तनात किती वेळा सांगितली याची गणती नाही. कागद कसे भिजले, शाई पाण्यात कशी विरली, याचे वर्णन रंगवून करायचो. श्रोत्यांचे डोळे भरायचे. पण चरित्रकार आणखी एक गोष्ट सांगतात. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, संसार माझाही आहे, लेकरेबाळे माझीही आहेत. तेव्हा महाराजांनी खतांचे दोन वाटे केले, अर्धे कान्होबांच्या हाती दिले आणि उरलेले, आपले, तेवढेच पाण्यात सोडले. पन्नास वर्षे मी बुडालेल्या अर्ध्या कागदांवर बोललो. कोरड्या राहिलेल्या अर्ध्यांपाशी एकदाही थांबलो नाही. एवढ्या वैराग्याच्या भरातही महाराजांचा हात भावाच्या वाट्यापाशी येऊन थांबला. माझ्या खात्यात माझे जे काही असेल ते मी खुशाल बुडवावे. पण त्या ९३,००० मध्ये माझा वाटा १,५०० होता.

कुणी दामाजीपंतांचे नाव काढील. मंगळवेढ्याच्या कोठारांच्या किल्ल्या त्यांच्या हाती होत्या, धान्य बादशहाचे होते, आणि दुष्काळात त्यांनी कोठारे उघडली. पुढे विठू महाराच्या रूपाने देवाने बीदरला जाऊन रक्कम भरली. मलाही त्या दोन रात्रींत ही कथा आठवली. खोटे कशाला सांगू, देव भरील असेही वाटले. पण दामाजींनी कोठार उघडले ते दारात उपाशी उभ्या असलेल्या माणसांसाठी, त्यांचे चेहरे बघून, आणि त्याचा दंड आपल्यावर येणार हे जाणून. मी कोठार उघडले ते चेहरा नसलेल्या आवाजासाठी, आणि दंड भरला बासष्ट जणांनी. कथेचा आधार घ्यायलाही काही लायकी लागते.

जुन्या धर्मशास्त्रात या गोष्टीचा विचार झालेला नाही असे नाही. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात ठेवीचे स्वतंत्र प्रकरण आहे. आत काय आहे ते न सांगता मोहोर लावून दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू म्हणजे उपनिधी. ती जशी दिली तशी परत करायची. राजाने नेली, दैवाने गेली किंवा चोराने नेली तर ठेव सांभाळणाऱ्यावर भरपाई येत नाही. वाचून क्षणभर हायसे वाटले. मलाही चोरानेच नागवले ना! पण चोराने भिंत फोडणे वेगळे आणि मी त्याला दार उघडून, पाट मांडून बसवणे वेगळे. गंमत अशी की, रिझर्व्ह बँकेने २०१७ साली जे नियम केले त्यांत हाच भेद आहे. दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, तिसरीकडूनच कुठून चोरी झाली, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर भार ग्राहकावर नाही. पण ग्राहकाने आपले गुप्त आकडे स्वतःच दुसऱ्याला दिले असतील, तर बँकेला कळवीपर्यंत झालेले सगळे नुकसान त्याचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. बँकेतल्या साहेबांनी हे समजावून सांगितले तेव्हा मला स्मृतीचा अध्यायच कुणी वाचून दाखवतो आहे असे वाटले.

आता त्या पोराकडे येतो. माझे सगळे चिंतन तिथेच अडते.

मी त्याला पासवर्ड सांगितला तो विश्वासाने. त्याचा मान केला असेच मला वाटत होते. आज वाटते की मी त्याच्या गळ्यात एक धोंडा बांधला. पैसे आहेत तोवर तो धोंडा दिसला नाही. पैसे गेले त्या दिवशी, काहीही न करता, तो संशयित झाला. त्याला पासवर्ड माहीत नसता, तर त्या माना वळायला जागाच नव्हती. आपण समजतो की गुपित ठेवणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास. पण तीस वर्षे किल्ली माझ्या करगोट्याला होती, तेव्हा दिंडीतल्या एकाही माणसाला असे वाटले नाही की बुवांचा आपल्यावर विश्वास नाही. उलट पेटीत दोन रुपये कमी भरले तर विचारायचे कुणाला हे सगळ्यांना माहीत होते, आणि बाकीचे एकसष्ट जण रात्री निवांत झोपत होते. फोन आला आणि मी तीच किल्ली ओवाळणीसारखी वाटत सुटलो.

अखंड हरिनाम सप्ताहातला वीणेचा पहारा आठवा. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. रात्री तीन वाजताही ज्याचा पहारा त्याच्याच गळ्यात. दुसरा आला की दोघे एकमेकांच्या पाया पडतात, मग ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते. कितीही जवळचा असला तरी "जरा धर, मी येतो" म्हणून कुणी वाटेत दुसऱ्याच्या हाती देत नाही. याला आपण पहारा म्हणतो, आणि यात कुणाला अविश्वास दिसत नाही. या घडीला ती कोणाकडे आहे हे सगळ्या मंडपाला ठाऊक असते.

म्हणून आता मी जे पाळतो ते सांगतो. मी काही यातला जाणकार नाही, ठेच लागलेला आहे. बँकेच्या साहेबांकडून आणि नातीकडून शिकलो.

बँक पासवर्ड, पिन किंवा ओटीपी फोन करून कधीच विचारत नाही. कधीच नाही. विचारणारा कितीही गोड बोलो, तो चोर. त्याच्या आवाजात घाई असते, हीच खूण. आज, आत्ता, नाहीतर खाते बंद, वीज बंद, अटक. अशा वेळी फोन ठेवावा आणि पासबुकावर छापलेल्या नंबरावर आपण स्वतः फोन करावा. आलेल्या लिंकवरून बँकेच्या पानावर जाऊ नये. पान हुबेहूब काढता येते. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही. दिंडीला देणगी पाठवतो, पिन टाका, असे कुणी म्हटले तर ती देणगी उलट्या दिशेने जाणार हे समजावे. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून जी फाइल येते आणि दाबली की काहीतरी फोनमध्ये बसवायला सांगते, ती पत्रिका नसते. ओळखीच्या नंबरावरून आली तरी नसते, कारण त्या बिचाऱ्याचा फोन आधीच गेलेला असतो.

पासवर्डात देवाचे नाव घालू नये, हे लिहिताना हात अडखळतो. पण चोराचे यंत्र आधी तीच नावे लावून पाहते. देवाची, मुलांची, गावाची, जन्मसालाची, आणि पुढे एक-दोन-तीन. नाम जपायला आहे. नात म्हणाली, "आजोबा, तुम्हाला एवढे अभंग पाठ आहेत, त्यातलं चरण टाका की." पण अभंग घराघरात छापलेले आहेत, जे सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे ते गुपित कसे होईल? त्यापेक्षा एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच साधे शब्द घ्यावेत, जे आपण कुठे लिहिले-बोललेले नाहीत. समजा एखाद्या जुन्या बैलाचे नाव, एखादे भांडे, एखादी भाजी, एखादा रंग. (आणि हे माझे नाहीत, कुणी प्रयत्न करू नये.) लांबी महत्त्वाची, चार आकडी पिनाचे सगळे मिळून प्रकार दहा हजार, यंत्राला ते काहीच नव्हेत. एटीएम किंवा बँक चुकीच्या पिनाला तीन-चारदा पाहून दार लावते म्हणून तेवढ्यावर निभावते, सगळीकडे तसे नसते. आम्हा कीर्तनकारांना निदान पाठांतराचे भय नाही. पूर्वी आख्यानेच्या आख्याने मुखोद्गत असत, पाच शब्द काय!

एकच पासवर्ड सगळीकडे चालवणे ही माझी सगळ्यात मोठी चूक होती असे साहेब म्हणाले. एका ठिकाणाहून तो फुटला की सगळी दारे उघडी. त्यातही ईमेलचा सगळ्यात जपायचा. पासवर्ड विसरलो म्हटले की नवा करायची वाट बहुतेक ठिकाणी ईमेलमध्ये येते. म्हणजे ईमेल ज्याच्या हाती, त्याच्या हाती इतर किल्ल्या पाडण्याचा साचा. आणि माझ्या ईमेलचा पासवर्ड चार वर्षे त्या दुकानदाराला माहीत होता! त्याने काही केले नाही, त्याच्याबद्दल मनात काही नाही. पण आपल्या कितीतरी माळकऱ्यांचे ईमेल दुकानात उघडलेले आहेत. घरी आल्यावर ते आपल्या हाताने बदलावेत. ईमेलला आणि व्हॉट्सअ‍ॅपला दोन टप्प्यांची पडताळणी असते, तीही लावून घ्यावी. दाराला कुलूप आणि आतून कडी, असे ते आहे. सेवा केंद्राच्या किंवा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपले काही उघडले तर उठण्याआधी लॉगआउट करावे, आणि पासवर्ड जतन करू का असे तो विचारतो त्याला नाही म्हणावे.

वारीतले वेगळेच. पालखीतळावर ट्रकमधल्या एका फळीवर तीस-चाळीस फोन चार्जिंगला लटकलेले असतात, अर्ध्यांना कुलूप नसते, आणि आलेला ओटीपी कुलूप न उघडताही वरच्या वर दिसतो. तो दिसू नये अशी सोय फोनमध्ये आहे, पोरांकडून करून घ्यावी. एटीएमच्या पाकिटावर पिन लिहिलेला मी स्वतः तिघांचा पाहिला. दिवेघाटाच्या गर्दीत फोन गेलाच तर आधी दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवावे, मग सिम बंद करावे, मग फोन. हरवलेला फोन बंद करायला केंद्र सरकारची संचार साथी नावाची सोय आहे.

पैसे गेले तर १९३० या नंबरावर लगेच फोन करावा. दोन तास गेले तरी करावा, पण दोन दिवस घालवू नयेत. लवकर कळले तर पैसे वाटेतल्या एखाद्या खात्यात गोठवता येतात. मी जे दोन दिवस घालवले त्यांत पैसेही गेले आणि पोरगाही गेला. पिन झाकायचा होता तो मी चारचौघांत मांडला. चूक चारचौघांत मांडायची होती ती झाकली. लाज वाटली तरी बोलावे. मी देवळात खरे सांगितले त्या रात्री गावातले तिघे एकेकटे घरी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बुवा, आमचंही असंच गेलंय. घरी सांगितलं नाही." त्यातल्या एका बाईने दोन वर्षे नवऱ्याला कळू दिले नव्हते, आणि ते पैसे फेडायला ती दुसऱ्याच्या शेतावर जादा रोजाने जात होती.

घरच्यांना सांगावे की नाही, हे मला बरेच जण विचारतात. माझे उत्तर अजून पक्के झालेले नाही. नवरा-बायकोने काय करावे हे मी सांगणार नाही. ज्याला दिसत नाही, हात थरथरतात, त्याला कुणाचा तरी आधार घ्यावाच लागतो. मग एकाचाच घ्यावा, आणि तो कोण हे घरात सगळ्यांना माहीत असावे. खात्याला नॉमिनी लावलेला असला म्हणजे आपल्यामागे पैसे मिळायला पासवर्ड लागत नाही. मी स्वतः पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालून, वर लाख लावून कपाटात ठेवले आहेत. मुलाला पाकीट कुठे आहे ते माहीत आहे, आत काय आहे ते नाही. याज्ञवल्क्यांचा उपनिधीच तो. कागदावर लिहिणे पापच, असे काहींचे मत आहे. माझ्या वयाच्या माणसाला घरातल्या कपाटातला कागद हा सोप्या पासवर्डापेक्षा पुष्कळ बरा, असे बँकेच्या साहेबांनीही मान्य केले. कीर्तनाच्या वहीचे शेवटचे पान मात्र फाडून चुलीत घातले.

दिंडीचे पैसे आता माझ्या खात्यात नाहीत. तिघांच्या नावाने खाते निघाले आणि दोघांच्या सहीशिवाय पैसा हलत नाही. पहिल्या बैठकीत एकजण म्हणाला, "आता एवढा अविश्वास?" मी म्हणालो, "माझ्यावर ठेवू नकाच." सगळे हसले, पण या वेळी मला त्यात गोडी वाटली नाही.

यंदा पायी चालणे झाले नाही. वाखरीपर्यंत गाडीने गेलो. रिंगण आटोपून लोक पांगत होते, तेवढ्यात गर्दीतून तो समोर आला, मृदंग गळ्यात तसाच. मी आधी वाकायला गेलो, गुडघ्यांनी साथ दिली नाही. त्याने मधेच धरले आणि तोच पाया पडला. बोलणे पावसाचे झाले, त्याच्या आईच्या गुडघ्यांचे झाले. गाडीवाला भाड्यासाठी थांबला होता, म्हणून मी फोन काढला आणि डोळ्यांजवळ नेऊन आकडे शोधू लागलो. जुन्या सवयीने त्याचा हात पुढे आला. मग त्याने तो मागे घेतला.

"बुवा, तुम्हीच टाका," म्हणाला, आणि पाठ करून पालखीच्या दिशेला तोंड करून उभा राहिला.

माझी बोटे थरथरतात, वेळ लागला. एकदा चुकला, पुन्हा टाकला. तोवर तो तसाच उभा होता, आणि मृदंगाच्या शाईवर बोटांनी हलकेच पावलीचा ठेका धरत होता.